दारात फायबरचा पॉड करण्याआधी आतला पत्रा बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. तुम्ही लिहिलंय: २०१५ ची स्विफ्ट आहे, पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट (वेगळा ट्विटर असलेले स्पीकर) बसवून वर्ष झालं, पण बास पोकळ वाटतो. म्हणून दाराच्या खालच्या खणाच्या जागी फायबरचा पॉड, म्हणजे स्पीकर धरणारा बाहेर आलेला उंचवटा करायचा, त्यात एका दाराला दोन साडेसहा इंची आणि वर ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, सगळे ड्रायव्हरकडे तोंड करून. घरी थर्माकोल कोरून त्यावर रेझिन (सुकून कडक होणारा द्रव) लावून बघितलं, तर थर्माकोल आतून विरघळून गेला आणि वरचा थर दोन दिवस झाले तरी चिकट आहे. आता विचारताय की मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, किती थर घ्यायचे, रेझिन कोणतं, आणि पॉड पॅनेलला चिकटेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: बहुतेक चिकटणार नाही. आणि चिकटला तरी तसा चिकटवू नका. का, ते पुढे येईलच.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात अठरा वर्षं गाड्यांच्या साउंडचं काम करतोय. फायबर मात्र गाड्यांवर शिकलो नाही. गणपतीच्या देखाव्यांचे साचे करणारे एक काका होते, त्यांच्या हाताखाली दोन सीझन काढले. त्यामुळे पॉडकडे बघायची माझी नजर जरा वेगळी आहे. फायबर म्हणजे आकार देण्याचं साधन. आवाज त्यातून येत नाही.

तर आधी तुमच्या पोकळ बासबद्दल. स्पीकरचा कोन पुढे ढकलला जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची ताणली जाते. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या बरोबर उलट असतात. ते दोघं भेटले की एकमेकांना खातात. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी साधारण ४.३ मीटर असते. एवढ्या लांब लाटेला दाराच्या आतल्या पत्र्यातून वळून पुढे यायला काहीच लागत नाही. आणि त्या पत्र्याला कंपनीनेच हातभर भोकं ठेवलेली असतात, काचेची यंत्रणा आत घालायला. त्यावर फक्त एक पातळ प्लास्टिकचा पडदा असतो. पाण्यासाठी तो ठीक आहे, आवाजासाठी शून्य. तुमचे स्पीकर बास देत असणार. तो तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी दारातच संपतोय.

म्हणून फायबरला हात लावायच्या आधी एक रविवार द्या. पॅनेल उतरवा. दोन्ही बाजूंच्या स्पीकरच्या वायरी बघा, प्लस-मायनस एका बाजूला उलटे लागलेत का. अर्धे पोकळ बास तिथेच सापडतात. दीड व्होल्टचा सेल घ्या, प्लसला प्लस क्षणभर टेकवा, कोन बाहेर आला पाहिजे. दोन्ही बाजूंनी तसंच. मग पडदा काढून मोठी भोकं रुंद ॲल्युमिनियम टेपने तात्पुरती बंद करा आणि पॅनेल न लावताच गाणं वाजवा. टेप कडक नसते, फडफडेल, तरीही फरक कळेल. हा फरक ऐकून दहातले पाच-सहा लोक पॉडचा बेत सोडून पत्र्याची थरथर मारणारी ब्युटाइलची डॅम्पिंग शीट घेऊन जातात. माझा धंदा जातो, पण त्यांचं काम होतं.

हे करूनही पॉड हवाच असेल तर त्याला चांगली कारणं आहेत. जास्त खोल मॅग्नेटचा स्पीकर काचेला लागतो म्हणून तो पुढे काढायचा आहे, किंवा मूळ जागा इतकी खाली आणि मागे आहे की आवाज मांडीतच मरतो, किंवा सरळ हौस आहे. हौसेला मी कधी नाही म्हणत नाही. फक्त ‘पॉडमुळे बास वाढेल’ हे कारण डोक्यातून काढा.

इथेच एक हिशोब सांगतो, कारण बरेच जण पॉडला मागून पूर्ण बंद करून त्याचाच डबा करतात. समजा स्पीकरचा एफएस (मोकळा असताना तो ज्या सुराला सर्वांत सहज डोलतो तो) ६० हर्ट्झ आहे, व्हीएएस (कोनाच्या ताणाइतकी ताठ हवा) १२ लिटर आणि क्यूटीएस (डोलणं किती आवरलं जातं; आकडा मोठा तितकं कमी) ०.६. हे आकडे स्पीकरच्या कागदावर असतात. दाराच्या पॉडमध्ये जेमतेम ३ लिटर हवा मावते. १२ ला ३ ने भागून त्यात १ मिळवला की ५. पाचाचं वर्गमूळ २.२४. डब्यात बंद केल्यावर ६० हर्ट्झचा स्पीकर १३४ हर्ट्झवर जाऊन बसतो, आणि क्यू ०.६ वरून १.३४ होतो. म्हणजे खालचा बास गेला आणि वरच्या बासला ढोलासारखा फुगवटा आला. साडेसहा इंची गाडीचे बहुतेक स्पीकर मोकळ्या, मोठ्या जागेत वाजतील असेच बनवलेले असतात. दाराची अख्खी पोकळी ही ती जागा. त्यामुळे पॉड मागून उघडा ठेवायचा, पण फक्त दाराच्या पोकळीत उघडा. पॅनेल आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत नव्हे.

आता दोन स्पीकर. तुम्ही लिहिलंय की सगळं हेड युनिटवर, म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टिरिओवर चालतं, वेगळा ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा डबा) नाही. मग एका चॅनेलला ४ ओहमचे दोन स्पीकर पॅरेललला लावले की भार २ ओहमचा होतो. हेड युनिटच्या डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असलं तरी खरे १५ ते २० वॅटच्या आसपास मिळतात, आणि तेही ४ ओहमवर. २ ओहमवर ते तापेल, मध्येच बंद पडेल, किंवा आतली आयसी जाईल. सिरीजला लावले तर ८ ओहम, आवाज कमी. म्हणजे दुसऱ्या स्पीकरचे पैसे आधी चार चॅनेलच्या ॲम्पला घाला. एका दारात एकच चांगला साडेसहा इंची, ॲम्पवर ७० ते ८० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे सूर अडवणारी सोय), आणि जमेल तेव्हा डिकीत एक सब, म्हणजे खोल बासचा मोठा स्पीकर. यावर माझा हट्ट आहे असं समजा. दोन स्पीकरचा पॉड फोटोत भारी दिसतो हे मान्य. पण दाराच्या पत्र्याला मूळ भोक एकाच स्पीकरच्या मापाचं असतं, दोघांची मागची हवा त्याच भोकातून कोंडत जाते, आणि भोक मोठं करायचं तर दाराचा पत्रा कापावा लागतो. पत्रा कापायला मी सहसा तयार होत नाही.

स्पीकर ड्रायव्हरकडे वळवण्याबद्दल. साडेसहा इंचीचा कोन प्रत्यक्षात सुमारे १३ सेंटिमीटरचा असतो. आवाजाची लाट कोनापेक्षा लांब आहे तोवर आवाज सगळीकडे सारखा पसरतो. १३ सेंटिमीटरची लाट म्हणजे साधारण २६०० हर्ट्झ. त्याच्या जवळ गेलं की आवाज टॉर्चसारखा एका दिशेने जायला लागतो. पण तुमचा क्रॉसओव्हर (सूर दोन स्पीकरांत वाटणारा भाग) साधारण ३००० च्या आसपास ट्विटरकडे काम सोपवतो. म्हणजे वळवण्याचा फायदा वरच्या थोड्या पट्ट्यातच आहे. त्यासाठी पॉड ३० अंश बाहेर काढला तर गुडघ्याला लागतो, दिसतो बेढब, आणि उजव्या दाराचा स्पीकर थेट तुमच्या कानाकडे होऊन डावा आणखी दूर वाटतो. मी १० ते १५ अंशांच्या वर जात नाही, आणि रोख दोन्ही सीटच्या मधोमध, हेडरेस्टच्या उंचीला ठेवतो. ट्विटर मात्र पॉडमध्ये नकोच. तो वर, आरशाच्या त्रिकोणात जाऊ दे. खाली ठेवला की गायक पायाशी बसून गातो.

मापं घेताना काच पूर्ण खाली करून घ्या. हे वाक्य साधं वाटतं, पण मी स्वतः यात फटका खाल्लाय. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाची काच वर असतानाच खोली मोजली, पॉड झाला, रेक्झिन चढलं, सगळं सुंदर. संध्याकाळी त्यांनी टोलनाक्यावर काच खाली केली आणि ती मॅग्नेटवर येऊन थांबली. काच फुटली नाही हे नशीब. १८ मिलीमीटरची एक रिंग वाढवून पॉड पुन्हा करून दिला, फुकट. तेव्हापासून काच पूर्ण खाली, मग पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर, त्यातून ८ ते १० मिलीमीटर वजा. काच उतरताना थोडी हलते, म्हणून ती सूट.

दुसरं माप बाहेरच्या बाजूचं. पॉड जिथे जितका बाहेर येणार तिथे पॅनेलवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा चिकटवा आणि दार सावकाश बंद करा. डॅशबोर्डच्या कडेला, सीटच्या लिव्हरला, सीटच्या बाजूच्या प्लास्टिकला कुठे दबतो ते मातीवर उमटेल. सीट सगळी पुढे आणि सगळी मागे करून दोनदा करा. तिसरं माप सुरक्षेचं. बाजूने धडक बसली तर दार आत येतं आणि पहिली गाठ मांडी आणि कमरेशी पडते. तिथे कडक फायबरचा टोकदार उंचवटा ठेवायचा नाही. पॉड दाराच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात, पिंडरीच्या पुढे राहील असा ठेवा, आणि कडा गोल. सीटमध्ये साइड एअरबॅग असलेली गाडी असेल तर तिच्या उघडण्याच्या वाटेत काहीही येता कामा नये. काही नव्या गाड्यांत साइड एअरबॅगसाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तसा असेल तर भोकं बंद करणं किंवा नवी पाडणं हा आपला विषयच नाही, त्या दाराला हात लावू नका.

आता पॅनेलला चिकटण्याचा मुद्दा. पॅनेल उलटं करा, कुठेतरी कोपऱ्यात बाणांच्या कंसात अक्षरं ओतलेली असतील, पीपी किंवा एबीएस. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. आजच्या बहुतेक पॅनेलांत तेच असतं, कधी टाल्क भरलेलं. त्याला पॉलिएस्टर रेझिन धरत नाही, इपॉक्सी धरत नाही, एरवी कशालाही धरणारी गोंदंही आठवड्यात पापुद्र्यासारखी सुटतात. एबीएस ८० नंबरच्या पेपरने खरवडलं तर बऱ्यापैकी धरतं. पण धरलं तरी काय? फायबरचा पॉड दीड-दोन किलो, स्पीकर आणखी किलो-दीड किलो. दार आपण दिवसात वीस वेळा आपटतो. पॅनेल उभं असतं ते प्लास्टिकच्या सात-आठ क्लिपांवर. माझे पहिले दोन-तीन जोड मी पॅनेललाच स्क्रू मारून बसवले होते. तीन महिन्यांत एकेक गाडी खडखडत परत आली. एकाच्या क्लिपा तुटून पॅनेल खालून बोटभर सुटलं होतं.

त्यामुळे आता माझ्याकडे एकच पद्धत आहे: पॉडचं वजन पत्र्यावर. मूळ स्पीकरच्या भोकाभोवती १८ मिलीमीटर मरीन प्लायची रिंग पत्र्याला बोल्टने कसायची, मध्ये फोमची बंद छिद्रांची गॅस्केट. पॉडला मागून एक गळा असतो, तो पॅनेलमधल्या कापलेल्या जागेतून आत जाऊन या रिंगवर बसतो आणि तिलाच बोल्टने आवळला जातो. पॅनेल मधल्या मध्ये सँडविचसारखं राहतं, वजन काहीच घेत नाही. मागची हवा गळ्यातून थेट दारात जाते, पॅनेलमागे फुटत नाही. खाली आणखी एक-दोन ठिकाणी पत्र्यात रिव्हेट नट (पत्र्यात पक्के बसणारे आट्यांचे नट) बसवून आधार द्या. भोक पाडलं की त्याच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज रेषेसारखा उतरतो.

प्लाय म्हणालो, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची पाटी) नाही. एमडीएफ कापायला गुळगुळीत, रिंग सुबक होते, व्हिडिओत सगळे तेच वापरतात. पण ते लोक गगनबावड्याच्या पावसात गाडी चालवत नाहीत. काचेच्या रबरातून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून जावं अशीच रचना असते. दाराच्या आतलं एमडीएफ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगतं. पॉडच्या पुढच्या, केबिनमधल्या रिंगला एमडीएफ चालेल, तेही सगळ्या बाजूंनी रेझिन पाजून. आणि डॅम्पिंग शीट लावताना निचऱ्याची भोकं बुजवू नका.

आता फायबर. इथे थोडा वेळ देतो, कारण तुम्ही घरी करणार आहात आणि यात इजा होऊ शकते.

दुकानात साधं जीपी पॉलिएस्टर रेझिन मागा. त्याच्यासोबत दोन बाटल्या मिळतात: कोबाल्ट, म्हणजे जांभळट ॲक्सिलरेटर, आणि पाण्यासारखा रंगहीन हार्डनर, म्हणजे एमईकेपी. या दोन गोष्टी थेट एकमेकांत कधीही मिसळायच्या नाहीत. भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. दोघांना वेगळी मापं, वेगळ्या काड्या. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. त्यापेक्षा बरं म्हणजे कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा, ते गुलाबीसर दिसतं, मग ती बाटली घरात येतच नाही. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घालाच, आणि उडालाच तर निदान १५ मिनिटं नळाखाली डोळा धरून मग तडक दवाखाना. हार्डनर सांडलेली चिंधी कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकते, पाण्याच्या बादलीत टाका. वास स्टायरीनचा असतो. रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. बंद खोलीत नको, गच्चीवर सावलीत करा. काकांकडे आम्ही हे सगळं उघड्या हातांनी आणि उघड्या नाकाने केलं. त्यात शौर्य नव्हतं, अक्कल नव्हती.

हार्डनरचं प्रमाण १ ते २ टक्के. २०० ग्रॅम रेझिनला एप्रिल-मेमध्ये २ मिली, थंडीत ३ ते ४ मिली. सुई काढलेली सिरिंज वापरा, अंदाजाने टोपणाने ओतू नका. १ टक्क्याच्या खाली गेलात तर उशिरा सुकेल असं नाही, नीट सुकणारच नाही. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर कालवू नका, आणि उभ्या डब्यात नको, पसरट भांड्यात. उभ्या डब्यात साठलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं. मी एकदा अर्धा लिटर कालवून फोन घ्यायला गेलो, परत आलो तर डबा वाकला होता आणि धूर निघत होता. १५-२० मिनिटांत ते जेलीसारखं होतं, तेवढ्यात जेवढं लागेल तेवढंच कालवायचं. पहिल्यांदा रद्दी पुठ्ठ्यावर एक तुकडा करून बघा, तुमच्या हवेत किती वेळ मिळतो ते कळेल.

मॅट ४५० ग्रॅमची घ्या, चिरलेल्या तंतूंची. तिचे तंतू एका बाइंडरने धरलेले असतात, तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि मॅट आकारावर मऊ पडते. इपॉक्सी वापरायचं असेल तर ही मॅट चालत नाही, बाइंडर विरघळत नाही, मग विणलेलं कापड घ्यावं लागतं. स्टायरीनमुळेच तुमचा थर्माकोलही गेला, दोघं एकाच जातीचे आहेत. थर्माकोलवरच करायचं असेल तर इपॉक्सी लागेल, नाहीतर पीयू फोम कोरा. पण पॉडला आतून फोम नकोच असतो, म्हणून मी कोरत बसत नाही.

माझी रीत अशी. पॅनेलवर मास्किंग टेपचे दोन थर, कडेपेक्षा हातभर जास्त. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल, त्यावर गाडीचं मेणाचं पॉलिश. मग मॅटचे दोन थर, ब्रशने ठोकत ठोकत. रंगासारखा ब्रश ओढला की मॅट ब्रशबरोबर येते. मॅटच्या वजनाच्या दोन-अडीच पट रेझिन जातं. मॅट पांढरी दिसायची बंद झाली की बास. दुसऱ्या दिवशी हा फायबरचा पत्रा पॅनेलवरून उचलतो. पॅनेलच्या सगळ्या वळणांची हुबेहूब पाठ हातात येते आणि पॅनेलला ओरखडाही नाही. ती पॉडच्या आकाराला कापायची, गळ्याची रिंग मागून बसवायची, आणि पुढे स्पीकरची रिंग लाकडी पट्ट्यांवर उभी करायची. आत्ताच गाडीत नेऊन कोन बघा, सीटवर बसा, दार लावा. या पायरीला दोन दिवस गेले तरी चालतील. याच्यानंतर काही बदलता येत नाही.

मग फ्लीसचं कापड. जुना पॉलिएस्टरचा स्वेटशर्ट किंवा ट्रेनमध्ये मिळतं तसं स्वस्त फ्लीसचं ब्लँकेट उत्तम, होजियरीचं पातळ टी-शर्ट कापड नको, ते पुरेसं रेझिन धरत नाही. कापड रिंग आणि पाठीवरून तबल्याच्या पुडीसारखं ताणायचं, मागे स्टेपल मारायचे. ताणलेलं कापड स्वतःच आकार ठरवतं, दोन रिंगांमधली वळणं हाताने कोरून कधीच इतकी छान येत नाहीत. त्याला रेझिन पाजा, फ्लीस खूप पितं, एका पॉडला ३००-४०० ग्रॅम सहज. ते कडक झालं की बरेच जण थेट पुट्टी भरतात. चूक. फ्लीसचं कवच नुसतं टोपी आहे. स्पीकरच्या भोकातून हात घालून आतून ४५० च्या मॅटचे तीन थर लावायचे. एक थर साधारण एक मिलीमीटर होतो, म्हणजे तीन मिलीमीटर. रिंग जिथे कवचाला मिळते त्या कोनात रेझिनमध्ये मॅटचे बारीक तुकडे आणि टाल्क कालवून गोलाई भरायची, तडे तिथूनच जातात. थरांचं उत्तर विचारलं होतंत ना, ते हे: पाठीला दोन, तोंडाला आतून तीन, रिंगेभोवती एक जास्त. दोन पॉडला सगळं मिळून तीन किलोच्या आसपास रेझिन धरा, सांडलवंडीसह. बोटाने टकटक केली तर पातेल्यासारखा नाही, लाकडासारखा आवाज आला पाहिजे. पातेल्यासारखा आला तर आणखी एक थर.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. पुट्टी, ८० नंबर, पुन्हा पुट्टी, १५०, मग रेक्झिन. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, मनगटाला टेप लावा, पाणी मारत घासा, कोरडी धूळ नाकात नको. खाज आली तर थंड पाण्याने धुवा, चोळू नका. रेक्झिन चढवायचं तर पृष्ठभाग अगदी आरशासारखा लागत नाही, रंग मारायचा असेल तर लागतो, आणि फायबरवरचा रंग बारीकसारीक टोचा माफ करत नाही. पहिल्या जोडाला रेक्झिनच घ्या, चारही बाजूंना ताणलं जाणारं, सीटवाल्यांकडचं सोल्यूशन आणि हीट गन. चढवायच्या आधी पॉड चार-पाच दिवस उन्हात ठेवा, नाहीतर स्टायरीनचा वास गाडीत महिनाभर बसेल आणि घरचे गाडीत बसायचे नाहीत.

पावसाळ्यात हे काम मी शक्यतो घेत नाही. ओलसर मॅट रेझिन नीट पीत नाही आणि वरचा थर चिकट राहतो. घ्यावंच लागलं तर मॅट आधी दिवसभर बल्बखाली ठेवतो. बसवून झालं की मोबाइलवरून २० ते २०० हर्ट्झचा सरकता सूर हळू आवाजात लावा आणि पॅनेलवर हात फिरवत जा. जिथे हात ठेवल्यावर खडखड थांबते तिथे क्लिप किंवा वायर सैल आहे.

राहिलं तुमचं ते चिकट झालेलं पॅनेल. वरचा अगदी पातळ थर चिकट असेल तर ते नेहमीचं आहे, हवेमुळे वरचं रेझिन पूर्ण सुकत नाही, घासून निघतं. पण तुमच्याकडे आत विरघळलेला थर्माकोलही रेझिनमध्ये मिसळलाय, ते कधीच कडक होणार नाही, वर आणखी हार्डनर फासू नका. सगळं उचकटून काढा. थर्माकोलखाली टेप लावली होती म्हणता, तर बरंचसं टेपबरोबरच येईल. उरलेले डाग पुसायला ॲसिटोन घ्यायच्या आधी पॅनेलमागची अक्षरं वाचा. पीपी असेल तर चिंधीवर घेऊन पुसा, काही होणार नाही. एबीएस असेल तर ॲसिटोन पॅनेललाच विरघळवेल, तिथे प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि उरलेलं पॉडखाली झाकलं जाईल असं बघा.